घरभत्ता हातात घेऊ नकोस

जपानच्या कंपनीनं तुझ्यापुढं दोन पर्याय ठेवलेत: १ लाख २० हजार येन भाड्याचं घर तू घ्यायचंस आणि कंपनी पगारासोबत ६० हजार घरभत्ता देणार; नाहीतर कंपनीच घर घेऊन तुझ्या पगारातून ६० हजार कापणार. खिशातून ६०च जातात, मग फरक काय, असं तू विचारलंस. फरक करात आहे. डोळे झाकून दुसरा घे.

सोलापुरात एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी, भाडेपावत्या जोडायची सवय, म्हणून मी रोख भत्ता घेतला होता. पावत्या फायलीला लावून ठेवल्या. इथं त्या कुणी विचारत नाही; नोकरदाराला भाड्याची वजावटच नाही. भत्ता म्हणजे सरळ पगार. वर्षाचे ७ लाख २० हजार येन उत्पन्नात धरले, त्यावर आयकर, रहिवासी कर (राहत्या गावच्या पालिकेचा), वर आरोग्य विमा नि पेन्शनचा हप्ताही वाढला.

कंपनीच्या घराला इथं ‘शाताकु’ म्हणतात. करार कंपनीच्याच नावावर हवा. सरकारी मूल्यांकनावरून घराचं एक भाडं काढतात, ते बाजारभावापेक्षा बरंच कमी येतं. त्याच्या निम्मं तरी आपण भरलं, की उरलेल्या सवलतीवर आयकर नाही. तू तर बाजारभावाच्या निम्मं भरणार! गोम एकच: नोकरी सुटली की घरही सुटतं.

रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर, साधारण १० टक्के. पहिल्या वर्षी काहीच कापत नाहीत, म्हणून आपण खूश. दुसऱ्या वर्षी जूनची पगारपट्टी बघून मी ऑफिसातल्या बाईंना ‘काहीतरी चुकलंय’ म्हणून सांगायला गेलो होतो. त्यांनी शांतपणे कॅलेंडर दाखवलं.

जुळे सोलापूरचा फ्लॅट भाड्यानं दिलास तर ते भाडं भारतात करपात्र राहतं. मालक एनआरआय (अनिवासी भारतीय) झाला की भाडेकरूनं भाड्यातूनच ३१.२ टक्के कर (टीडीएस) कापायचा असतो. त्याला आधीच सांग, नाहीतर तो बिचारा अडकतो. जमलं तर २८ सप्टेंबरच्या आत भारतातून नीघ. एप्रिल ते मार्चमध्ये भारतात १८२ दिवस भरले, तर जपानचा पगारही भारतात दाखवावा लागतो.

आणि कायमचं परत यायचं ठरलं, तर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचा मुहूर्त धरून जानेवारीत निघू नकोस, डिसेंबरातच ये. १ जानेवारीला जपानात पत्ता असला की सरत्या वर्षाचा रहिवासी कर मागं लागतोच.