अमेरिकेतल्या पक्षांनी वंशभेदाच्या प्रश्नावर खरंच बाजू बदलल्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेणारे डेमोक्रॅट होते. मग आज बहुसंख्य कृष्णवर्णीय डेमोक्रॅट्सना मत देतात ते कसं? ‘दोन्ही पक्षांनी बाजू बदलल्या’ ही डेमोक्रॅट्सनी आपला इतिहास झाकायला रचलेली कहाणी आहे का?

नाही, ती रचलेली कहाणी नाही. वंशभेदाच्या प्रश्नावर पक्षांच्या बाजू खरोखर बदलल्या. फक्त एका वर्षी सगळे इकडचे तिकडे गेले, असं झालेलं नाही.

या वादात नेहमी पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे सार्वजनिक ठिकाणी आणि नोकरीत वंशभेदाला बंदी घालणाऱ्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यावरचं मतदान. प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन सदस्यांपैकी 80 टक्क्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला, डेमोक्रॅट्सपैकी जेमतेम 61 टक्क्यांनी. आकडे खरे आहेत. ‘बघा, हक्क आम्ही दिले’ असं रिपब्लिकन समर्थक म्हणतात ते यावरूनच. आता हेच मतदान प्रदेशवार पाहा. गुलामगिरीसाठी संघराज्यातून फुटलेली दक्षिणेतली अकरा राज्यं एका बाजूला आणि उरलेला देश दुसऱ्या बाजूला ठेवा. उरलेल्या देशात डेमोक्रॅट 145 बाजूने, 9 विरोधात. रिपब्लिकन 138 बाजूने, 24 विरोधात. दक्षिणेत डेमोक्रॅट 7 बाजूने, 87 विरोधात. रिपब्लिकन दहाच्या दहा विरोधात. म्हणजे दोन्ही प्रदेशांत विधेयकाला जास्त पाठिंबा डेमोक्रॅट्सचाच होता! एकूण टक्केवारीत ते मागे पडतात, कारण दक्षिणेतल्या जवळजवळ सगळ्या जागा त्यांच्याकडे होत्या. माणूस कुठल्या पक्षाचा यापेक्षा कुठल्या राज्याचा, यावर त्याचं मत ठरत होतं.

सिनेटमध्ये दक्षिणेच्या डेमोक्रॅट सदस्यांनी भाषणं लांबवून विधेयक आठवडेच्या आठवडे रोखून धरलं होतं. ती कोंडी फोडण्यात रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांचा मोठा वाटा होता आणि ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं बॅरी गोल्डवॉटर यांना, आणि त्यांनी या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. निकालात ते देशभर आपटले. जिंकली ती स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच राज्यं : मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत तर त्यांना 87 टक्के मतं मिळाली. तिथे तेव्हा मतदान करू शकणारे जवळजवळ सगळे गोरे होते. एवढी मतं अर्थधोरणावर पडली, हे मला अजिबात पटत नाही.

कृष्णवर्णीय मतदार मात्र त्याच्या कितीतरी आधी हलले होते. दक्षिणेत त्यांना जवळजवळ मत देताच येत नव्हतं. शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेलेल्यांना देता येत होतं. 1936 मध्ये यांतल्या बहुतेकांनी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांना मत दिलं. का? तर मंदीत त्यांच्या सरकारी योजनांमधून काम मिळालं, पोटाला मिळालं. वंशभेदाच्या बाबतीत रुझवेल्ट फारसे पुढे गेलेच नाहीत. झुंडबळींविरुद्धच्या कायद्यालाही त्यांनी जोर लावला नाही, कारण संसदेत त्यांना दक्षिणेच्या डेमोक्रॅट्सची गरज होती. आधी मतदार आले, पक्ष नंतर बदलला. हा क्रम या चर्चेत हरवतो याचं मला वाईट वाटतं, कारण त्यात कृष्णवर्णीयांनी स्वतः विचार करून घेतलेला निर्णय पुसला जातो.

रिपब्लिकनांकडून त्यांची निराशाही जुनी होती. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपल्याला माहीत आहे. त्यानंतर चारच वर्षांत, 1877 मध्ये, वादग्रस्त निवडणुकीचा तिढा सुटला, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष गादीवर बसला आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या पाठीशी असलेलं केंद्राचं लष्कर मागे घेतलं गेलं. मतदानकर, साक्षरता चाचण्या, वेगळ्या शाळा, हे सगळं त्यानंतर डेमोक्रॅट्सनी लादलं. पण मैदान मोकळं झालं ते असं.

‘किती नेत्यांनी पक्ष बदलला सांगा’ हा आक्षेपही ऐकला असेल. फार थोड्यांनी. साउथ कॅरोलायनाचे डेमोक्रॅट सिनेटर स्ट्रॉम थर्मंड 1964 मध्ये रिपब्लिकन झाले. त्याच कायद्याला विरोध करणारे आणि तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी हिंसक संघटनेत असलेले वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड मरेपर्यंत डेमोक्रॅट राहिले; क्लॅनबद्दल त्यांनी पुढे जाहीर माफी मागितली. पण ज्येष्ठ खासदार आपली ज्येष्ठता आणि समित्यांची अध्यक्षपदं का सोडेल? म्हातारे निवृत्त होत गेले आणि त्या जागी रिपब्लिकन निवडून येत गेले. 1976 मध्येही राष्ट्राध्यक्षपदासाठी जॉर्जियाचे डेमोक्रॅट जिमी कार्टर यांनी व्हर्जिनिया वगळता सगळी दक्षिण जिंकली होती. दक्षिणेतल्या प्रतिनिधीगृहाच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे गेल्या त्या थेट 1994 मध्ये.

दक्षिण रिपब्लिकन झाली ती अर्थकारणामुळे, हा मुद्दा मी पूर्ण झटकत नाही. राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवर यांनी 1952 मध्येच टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया आणि टेनेसी जिंकली होती. उद्योग वाढले, उपनगरं वाढली आणि तिथला मध्यमवर्ग करांच्या प्रश्नावर रिपब्लिकनांकडे सरकला. दक्षिणेच्या कडेच्या या राज्यांपुरतं हे स्पष्टीकरण चांगलं आहे. मिसिसिपी आणि अलाबामापाशी आलं की ते अपुरं पडतं.

आणि ही कहाणी डेमोक्रॅट्सनी रचली म्हणाल, तर 2005 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष केन मेलमन कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सर्वांत जुन्या संघटनांपैकी एक असलेल्या एनएएसीपीच्या अधिवेशनात गेले होते. आपल्या पक्षातल्या काहींनी वांशिक दुहीचा राजकीय फायदा उठवायचा प्रयत्न केला आणि ते आमचं चुकलं, हे त्यांनी तिथे स्वतः मान्य केलं.