ग्रबला शेवटची निवड लक्षात का राहत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाच लॅपटॉपवर उबुंटू आणि विंडोज आहेत. ग्रबच्या (मशीन चालू होताच कुठली सिस्टीम सुरू करायची ते ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत गेल्या वेळी जे निवडलं तेच पुढच्या वेळी आपोआप सुरू व्हावं म्हणून तुम्ही सेटिंग बदललं. तरी दर वेळी उबुंटूच येतं, आणि मध्येच ‘स्पार्स फाइल नॉट अलाउड’ अशी ओळ दाखवून मशीन की दाबायची वाट बघत बसतं. उबुंटू बीटीआरएफएसवर (डिस्कवर फाइली ठेवायची एक पद्धत, म्हणजे फाइल सिस्टीम) टाकलंय आणि बूटचं (मशीन सुरू करायला लागणाऱ्या फाइलींचं) वेगळं पार्टिशन केलेलं नाही, हेही तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण दुखणं नेमकं तिथेच आहे. तुमच्या सेटिंगमध्ये काही चूक नाही. ग्रबला ज्या जागी लिहावं लागतं, त्या जागी त्याला लिहिताच येत नाही.

(आज्ञा आणि फाइलींची नावं मी खाली उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.)

इटीसी-डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलीत तुम्ही दोन ओळी घातल्यात: ग्रब-डिफॉल्टची किंमत ‘सेव्हड’ आणि ग्रब-सेव्हडिफॉल्टची ‘ट्रू’. दोन्ही लागतात. पहिली ओळ ग्रबला ‘साठवलेली नोंद वाच’ असं सांगते, दुसरी ‘निवडलेली नोंद साठव’ असं. नंतर तुम्ही अपडेट-ग्रबही (बदललेली सेटिंग लागू करणारी आज्ञा) चालवलंत. एरवी एवढ्यावर काम भागतं.

ती नोंद साठते कुठे, ते एकदा बघाच. बूट फोल्डरच्या ग्रब फोल्डरमध्ये ‘ग्रबएन्व्ह’ नावाची फाइल आहे. कॅट आज्ञेने उघडलीत तर पहिल्या ओळीत ‘ग्रब एन्व्हायर्नमेंट ब्लॉक’ दिसेल, खाली ‘सेव्हड-एंट्री’ची ओळ असली तर ती, आणि मग हॅश चिन्हांची लांबच लांब रांग. ही रांग कचरा नाही. फाइल बरोबर 1024 बाइटची राहावी म्हणून उरलेली जागा हॅशनी भरलेली असते. बूटच्या वेळी अजून कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम चालू नसते आणि ग्रबचे फाइल सिस्टीमचे ड्रायव्हर फक्त वाचणारे असतात. नवी जागा मागणं किंवा फाइल वाढवणं त्याला जमत नाही. त्याला येते ती एकच युक्ती: ही फाइल डिस्कवर नेमकी कुठल्या सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या तुकड्यावर) आहे ते शोधायचं आणि तिथल्या तिथे नवा मजकूर जुन्यावर लिहायचा.

साध्या पार्टिशनवरच्या ईएक्सटी४ला (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) हे चालतं. बीटीआरएफएसला चालत नाही. तिथे प्रत्येक बदल नव्या जागी लिहिला जातो आणि प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकूर बदललेला नाही ना, हे तपासायचा आकडा) ठेवलेला असतो. बाहेरून कुणी सेक्टर बदलला की चेकसम जुळणार नाही. शिवाय एवढीशी फाइल बीटीआरएफएस बहुधा मेटाडेटाच्या (फाइलींविषयीच्या नोंदींच्या) पोटातच ठेवते, तिला स्वतःचा ब्लॉक मिळतच नाही. ग्रबला लिहायला सेक्टर सापडत नाही आणि तो ती ‘स्पार्स’वाली तक्रार करतो. एलव्हीएम किंवा रेडवर (अनेक डिस्क किंवा पार्टिशन एकत्र वापरायच्या पद्धती) बूट फोल्डर असेल तर हेच दुखणं ‘डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड’ या नावाने दिसतं. झेडएफएस या फाइल सिस्टीमलाही चेकसम असतात, तिथेही ही सोय मिळत नाही.

या फाइलीला नॅनोसारख्या एडिटरने हात लावू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. एक अक्षर कमीजास्त झालं की आकार बदलतो आणि फाइल बिघडू शकते. बदलायची तर ग्रब-एडिटएन्व्हनेच बदला. आधीच बिघडली असेल तर त्याच आज्ञेला फाइलीचा पत्ता आणि ‘क्रिएट’ दिलंत की कोरी फाइल तयार होते.

आता उपाय. बूटसाठी ईएक्सटी४चं वेगळं पार्टिशन करणं हा नेहमीचा सल्ला आहे. फेडोरा वर्कस्टेशनने 2020 साली, तेहतिसाव्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस घेतलं तेव्हाही बूट ईएक्सटी४वरच ठेवलं होतं. नव्याने इन्स्टॉल करणार असाल तर खुशाल तसं करा. पण चालू मशीनवर केवळ एवढ्यासाठी पार्टिशन हलवावं असं मला वाटत नाही. तुम्ही बीटीआरएफएस घेतलंय ते स्नॅपशॉटसाठी (सिस्टीमची त्या क्षणीची प्रत, जिच्यावर नंतर परतता येतं). बूट वेगळं झालं की कर्नल (सिस्टीमचा गाभा) स्नॅपशॉटच्या बाहेर पडतो. जुन्या स्नॅपशॉटवर परतलात की बूटमध्ये नवा कर्नल आणि आत जुनी मॉड्यूल्स (कर्नलचे जोडभाग), अशी फारकत होऊ शकते.

मला पटलेला मार्ग दुसरा आहे. ग्रबला बीटीआरएफएसवर लिहिता येत नसलं तरी वाचता येतं. आणि उबुंटू चालू असताना लिनक्स तीच फाइल बिनदिक्कत लिहू शकतं. तेव्हा लिहिण्याचं काम लिनक्सकडे द्यायचं. ग्रब-सेव्हडिफॉल्टची ओळ काढून टाका, ‘सेव्हड’ची ठेवा, अपडेट-ग्रब चालवा. ती चूक दाखवणारी ओळ इथेच थांबते. मग सिस्टीमडीची (उबुंटूत बाकीचे प्रोग्राम सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) छोटी सर्व्हिस लिहा: प्रकार ‘वनशॉट’ (एकदा चालून थांबणारी), मल्टी-यूजर टार्गेटला (सिस्टीम नेहमीसारखी चालू होण्याच्या टप्प्याला) जोडलेली, आणि चालवायची आज्ञा ग्रब-सेट-डिफॉल्ट 0. मेनूतली मोजणी शून्यापासून सुरू होते आणि उबुंटूत ती पहिली नोंद उबुंटूचीच असते, नव्यातल्या नव्या कर्नलसकट. म्हणजे उबुंटू चालू झालं की ते स्वतःचीच नोंद करतं. विंडोजकडे जायचं असेल तेव्हा एका एलियसमधून (आज्ञेला दिलेल्या छोट्या नावातून) ग्रब-सेट-डिफॉल्टला विंडोजची नोंद द्या आणि लगेच रीबूट करा. त्यानंतर विंडोजच्या अपडेटने चार वेळा रीस्टार्ट घेतला तरी विंडोजच येत राहील. मेनूतून हाताने उबुंटू निवडलंत की सर्व्हिस पुन्हा उबुंटूची नोंद करेल. यात एकच उणीव राहते: मेनूतून हाताने विंडोज निवडलंत तर ते लक्षात राहत नाही.

विंडोजची नोंद देताना क्रमांक देऊ नका. मेमटेस्टचं (मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामचं) पॅकेज आलं किंवा गेलं की विंडोजचा क्रमांक सरकतो, कारण मेमटेस्टच्या नोंदी तिच्या आधी येतात. शीर्षकही नको, त्यात डिस्कचं नाव असतं आणि दोन डिस्क असल्या तर ते बदलू शकतं. ग्रब-सीएफजी फाइलीत विंडोजच्या मेनूएंट्रीच्या ओळीत अवतरणात ‘ओएसप्रोबर-ईएफआय’ने सुरू होणारी आयडी असते, पुढे पार्टिशनचा यूयूआयडी (त्याची ओळख सांगणारा क्रमांक). ती जशीच्या तशी उचला. पार्टिशन नव्याने फॉरमॅट होईपर्यंत ती बदलत नाही. मेनूत विंडोज दिसतच नसेल, तर ग्रब 2.06पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टीम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबरला ‘फॉल्स’ द्या आणि पुन्हा अपडेट-ग्रब चालवा.

ग्रब-रीबूट ही आज्ञा तुमच्या मशीनवर वापरू नका. ती ‘फक्त पुढच्या एका वेळेसाठी’ नोंद करते, पण ती वेळ झाल्यावर नोंद पुसायचं काम ग्रबचं असतं. बीटीआरएफएसवर त्याला पुसताच येत नाही, त्यामुळे एकदाच हवी होती ती निवड कायमची बसते. एकाच वेळेपुरतं विंडोजमध्ये जायचं असेल तर ईएफआयबूटएमजीआर (efibootmgr) वापरा. नुसता चालवलात की फर्मवेअरकडच्या (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामकडच्या) नोंदी क्रमांकासह दिसतात. त्यातला विंडोज बूट मॅनेजरचा चार आकडी क्रमांक ‘बूटनेक्स्ट’ पर्यायाला द्या. ही नोंद मदरबोर्डच्या मेमरीत जाते आणि फर्मवेअर ती वापरताना स्वतःच काढून टाकतं, ग्रब किंवा बीटीआरएफएसचा संबंधच येत नाही.

सगळं झाल्यावर ‘ग्रब-एडिटएन्व्ह लिस्ट’ चालवून बघा. ‘सेव्हड-एंट्री’समोर 0 दिसलं तर सर्व्हिस चालतेय. तिथे ‘नेक्स्ट-एंट्री’ नावाचीही ओळ दिसली तर ती आधी कधी चालवलेल्या ग्रब-रीबूटची राहिलेली असणार. ती ‘अनसेट’ करा, नाहीतर ग्रब तिलाच आधी मान देईल.