वाचकांचे प्रश्न : सोमालियाची भूक

प्रश्न : सोमालियातील भूकबळींच्या बातम्या दर काही वर्षांनी वाचनात येतात. पाऊस न पडणे हेच त्यामागचे कारण आहे का? तेथील तरुण मुले हे सारे कसे सोसतात?

उत्तर : पाऊस न पडणे आणि माणसे अन्नावाचून मरणे या दोन्ही गोष्टींना आपण मराठीत ‘दुष्काळ’च म्हणतो आणि त्यामुळे दोहोंतला फरक झाकला जातो. २०११ साली अवर्षण केनिया आणि इथिओपियातही होते. परंतु संयुक्त राष्ट्रांनी भूकबळींचा दुष्काळ जाहीर केला तो केवळ दक्षिण सोमालियात, कारण १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळल्यापासून तेथे यादवी सुरू होती आणि अनेक मदत संस्थांना ‘अल-शबाब’ या सशस्त्र इस्लामी गटाने आपल्या ताब्यातील भागात बंदी केली होती. त्यातच, मदत या गटाच्या हाती पडेल या भीतीने अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांमुळेही धान्य अडले, आणि हे मला आजही अक्षम्य वाटते. त्या संकटात सुमारे २ लाख ६० हजार माणसे दगावली. त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती.

यातली बरीच बालके गोवर आणि हगवणीने जातात, कारण उपाशी देहात झुंजण्याचे बळच उरलेले नसते. छावणीतील आरोग्यसेविका मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळते. घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, की खूण लाल रंगावर येते. मग शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याची ९२ ग्रॅमची पुडी त्याच्या हाती दिली जाते आणि ते मूल तिचा कोपरा फाडून तो चोखत बसते. अशा पुड्या वेळेवर पोहोचल्या, तर बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात.

त्यांच्या थोरल्या भावंडांचे हाल मात्र पट्टीने मोजता येत नाहीत. उंट आणि शेळ्या राखत वाढलेल्या मुलाचे जित्राब मेले, की त्याचे घर, काम आणि लग्नाची आशा एकदमच जाते. गावात राहावे तर बंदूकधारी जबरीने भरती करतात, आणि निघावे तर बायदोआ शहराच्या छावण्यांपर्यंत अनेक दिवसांची पायपीट असते. मुलींना वाटेत अत्याचाराचे भय असते, तर कित्येकींची लग्ने घरातले एक तोंड कमी व्हावे म्हणून कोवळ्या वयातच लावून दिली जातात.

२०२० च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे कोरडे गेले, तेव्हा अशी लक्षावधी माणसे छावण्यांत आली. पुढे पाऊस आला, तरी त्यांतल्या अनेकांना परतता आले नाही, कारण सांडणी तेरा महिने गाभण राहते आणि तिचे पिल्लू स्वतः विण्याजोगे व्हायला आणखी चार-पाच वर्षे जातात. तोवर कुटुंबाने रानात कशावर जगायचे?