बिशप नाही, मग चर्च चालवतं कोण?

प्रश्न : ताई, मुलगी एडिनबराला शिकते, म्हणते तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चला बिशपच नसतो. मग निर्णय कोण घेतं?

उत्तर : बरोबर सांगते ती, तिथे एकटा कुणीच मोठा नाही. प्रत्येक चर्चची एक कमिटी असते, कर्क सेशन म्हणतात तिला, त्यात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि एल्डर म्हणजे मंडळीतलीच वडीलधारी माणसं, कुणी शिक्षक कुणी दुकानदार, आणि 1966 पासून बायकासुद्धा. पाळकही वरून लादत नाहीत, मंडळी मत देऊन बोलावते. वर प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातल्या चर्चेसची मिळून समिती, त्याच्यावर जनरल असेंब्ली, म्हणजे सगळ्या चर्चची मोठी सभा, ती मे महिन्यात एडिनबरालाच भरते. तिचा मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, फक्त एका वर्षासाठी, मग दुसरा. मला सगळ्यात आवडतं ते हे की ब्रिटनच्या राजाचा प्रतिनिधी या असेंब्लीला येतो, मान मिळतो, पण बसतो वरच्या गॅलरीत, त्याला चर्चेत भाग नाही की मत नाही! खाली साधा एल्डर मात्र पाळकाच्या बरोबरीने हात वर करतो.

आणि हो, आपल्या मुंबईचे विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन 1870 मध्ये तिथल्या फ्री चर्चच्या, म्हणजे मुख्य चर्चमधून वेगळ्या झालेल्या चर्चच्या, असेंब्लीचे मॉडरेटर होते, लेकीला नक्की सांगा.