पोट जळायलंय, अन् गोळी डिप्रेशनची कशी काय?

प्रश्न : डॉक्टर, वय ४४, जिंतूरजवळच्या गावात माझं किराणा दुकान आहे. तीन वर्षं झाली बेंबीच्या वर आग व्हायलीय, अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च. सोनोग्राफी झाली, परभणीला दुर्बीण टाकून झाली, सगळं नॉर्मल. आता नांदेडच्या पोटाच्या डॉक्टरांनी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० घ्यायला सांगितली, तर मेडिकलवाला म्हणला ही डिप्रेशनची गोळी हाय. घरचे म्हणायलेत सवय लागते. मला काय येड लागलंय का? दोन वर्षांपासून रोज सकाळी घेतो त्या गॅसच्या कॅप्सूलच्या पाकिटाचा फोटो पाठवतोय, त्यातली एखादी आई पण घेते कधीमधी.

उत्तर : भाऊ, येड-बिड काही नाही. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात, जठरात जखम नसते पण तिथल्या नसा नको तेवढ्या हुळहुळ्या झालेल्या असतात, दुसऱ्याला जे कळतही नाही त्याची तुम्हाला आग होते. दुर्बिणीत हे दिसत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन या नसांनाच शांत करते, डिप्रेशनला हीच गोळी ७५-१०० मिलिग्रॅमच्या पुढं लागते अन् तुम्हाला दिलीय १०.

२०१५ साली अमेरिका-कॅनडातला २९२ पेशंटचा अभ्यास छापून आला. अ‍ॅमिट्रिप्टिलीन ५० पर्यंत दिली तर ५३ टक्के लोकांना आराम, औषधच नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीवर ४० टक्के. फरक लई मोठा नाही, पण ज्यांना मुख्य त्रास दुखण्या-जळण्याचा होता त्यांना जास्त उपयोग झाला. अन् एस्सिटालोप्राम, जी पक्की डिप्रेशनची गोळी, तिचा खोट्या गोळीपेक्षा काहीच जास्त फायदा नाही. म्हणजे मन सुधारलं म्हणून पोट सुधारलं असं दिसत नाही.

नशेसारखी सवय लागत नाही, फक्त एकदम बंद करायची नाही. महिनाभर तरी दम धरा. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, शौचाला कडक होते. काचबिंदू, लघवी अडकणं किंवा हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

आता तुमचा फोटो. भाऊ, त्या कॅप्सूलमधे अ‍ॅसिड कमी करणाऱ्या रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड ७५ आहे अन् ते स्किझोफ्रेनिया या मोठ्या मानसिक आजारातही वापरतात! मेडिकलवाल्यानं हे काहून सांगितलं नाही कुणास ठाऊक. पोटातलं अन्न पुढं ढकलायला ते देतात, चूक नाही, पण दोन वर्षं रोज, कुणाला न विचारता, हे मला पटत नाही. त्यानं हात थरथरतात, चाल मंदावते, बायकांची पाळी चुकते, कधी अंगावर दूध येतं. तुम्ही १० च्या गोळीला भ्यायलात अन् हे दोन वर्षं चहाआधी घेताय. पाकीट घेऊन नांदेडला जा, ही चालू ठेवायची का ते विचारा, एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी झाली का तेही. काळी शौच झाली, गिळताना अडकलं किंवा वजन उतरायला लागलं तर मात्र थांबू नका.

आईला त्यातली एकही देऊ नका, त्या वयात थरथर लवकर सुरू होते. त्यांचं पोट वेगळं दाखवा.