मोठ्या दुकानातून उचललं तर कुणाचं काय जातं?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो, कधी कॉलेजच्या पोरांकडून, कधी घाबरलेल्या आयांकडून. यावेळी विचारणारी एकवीस वर्षांची मुलगी होती, पुण्यात होस्टेलला राहणारी, तिला आपण रेवा म्हणू (परवानगी घेतलीये, नाव आणि तपशील बदललेत). झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आली होती, आणि तिसऱ्या सेशनला एकदम म्हणाली, मॅडम मी मॉलमधून वस्तू उचलते. लिपस्टिक, काजळ, एकदा डिओ. आणि मी काही बोलायच्या आतच, पण त्यांचे कोट्यवधींचे टर्नओव्हर असतात, आमच्या गावच्या किराणावाल्या काकांकडून मी एक गोळीसुद्धा उचलणार नाही.

मी आधी ही क्लेप्टोमेनियाची, म्हणजे चोरी केल्याशिवाय राहवतच नाही अशा मानसिक आजाराची, केस आहे का ते बघितलं. त्यात माणसाला त्या वस्तूची गरजच नसते, आधी प्रचंड ताण येतो आणि उचलल्यावर सुटल्यासारखं वाटतं, आणि तो आजार तसा दुर्मीळ आहे. रेवाचं तसं नव्हतं, तिला त्या लिपस्टिक हव्या होत्या, रूममेट्स वापरतात तशा, आणि घरून येणाऱ्या पैशात त्या बसत नव्हत्या.

तिचं वाक्य मात्र फार जुनं आहे. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली लिहून ठेवलंय की चुकीचं वागणारी बहुतेक माणसं नियम मानतच असतात, फक्त तेवढ्यापुरती स्वतःला सूट देतात, आणि त्यातली एक सूट म्हणजे 'यात कुणाचं नुकसान होत नाही'. किराणावाले काका तिला दिसतात, चेहरा आहे त्यांना. कंपनीला चेहरा नाही.

एक गोष्ट मी तिला लगेच कबूल केली, तुझ्या एका लिपस्टिकने मालकाला काही कळतसुद्धा नाही, हे खरंय. मग कळतं कुणाला?

इथे माझी पंचाईत होती. त्याच महिन्यात माझ्याकडे दुसरी एक मुलगी येत होती, मॉलमधल्या कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर उभी राहणारी, हातात पगार चौदा हजार. त्यांच्याकडे स्टॉक टेक (मालाची मोजणी) झाला की जेवढं शॉर्टेज निघेल ते त्या काउंटरच्या मुलींमध्ये वाटून कापायचे. तिची चूक दाखवल्याशिवाय आणि तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय असं पगारातून कापता येत नाही, कायदा तसं सांगतो, पण भांडणार कोण, नोकरी जाईल. आणि पैशांपेक्षा तिला काय लागलं होतं, तर रोज रात्री घरी जाताना बॅग उघडून दाखवायची, आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता की कस्टमर नेत नाहीत, तुम्हीच नेता. ती माझ्यासमोर जवळजवळ अर्धा तास रडली होती. हे सगळं माहीत असून तेव्हा रेवाला सांगता येत नव्हतं, एका क्लायंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही म्हणजे नाही (आज लिहितेय ते त्या मुलीनेही हो म्हटल्यावर).

म्हणून रेवाला घरचा अभ्यास दिला. एकदा काही न घेता जा, अर्धा तास शेल्फकडे नाही, माणसांकडे बघ.

ती परत आली तेव्हा जरा गप्पच होती. म्हणाली, मॅडम त्या मुली बसतच नाहीत. (केरळने तर दुकानातल्या कामगारांना बसायला मिळावं म्हणून २०१८ मध्ये कायदा बदलला, यावरून कळतं किती उभं राहावं लागत असेल.) मग हिने एकीशी गप्पा मारल्या, सहज विचारलं की काही हरवलं तर, आणि ती हसून म्हणाली, आमच्याकडून घेतात ना.

रेवाला कंपनीचा राग आला, आणि तो बरोबरच आहे, मलाही येतो. पण तिच्या उचलण्याने त्या कंपनीला धडा मिळत नव्हता, मधल्या मधे ती मुलगी भरत होती. किराणा विकणाऱ्या मोठ्या साखळ्यांचंसुद्धा गणित असं असतं की शंभरच्या विक्रीवर निव्वळ चार-पाच रुपये सुटतात, म्हणजे शंभरचा माल गेला तर भरून काढायला दोन-अडीच हजारांची विक्री लागते, आणि ते टार्गेट शेवटी कुणाच्या डोक्यावर बसतं?

मग तिने विचारलं, पकडले असते तर? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि वस्तू किंवा किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. पण तरी ती चोरीच, कोर्टात दोषी ठरणंच, हे मी स्पष्ट सांगितलं. घाबरवायला नाही, तिने विचारलं म्हणून.

पुढचं तिने स्वतःच ठरवलं. तिच्या लक्षात आलं होतं की नुसते पैसे टाकून उपयोग नाही, मोजणी वस्तूंची होते. तेव्हा आधी उचलली होती तशीच एक लिपस्टिक तिने विकत घेतली, बिल केलं, आणि काउंटरवर तशीच ठेवून निघाली, म्हणजे कॉम्प्युटरवरचा आणि शेल्फवरचा आकडा एकाने जुळेल. दारापर्यंत पोचली तर ती काउंटरवाली मुलगी धावत मागे आली, ताई ताई, तुमची लिपस्टिक राहिली.

रेवा म्हणाली, असू दे, तिथेच ठेव. अजून पाच वस्तू बाकी आहेत, महिन्याला एक असं ठरलंय तिचं.