दूध डेअरीसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायचंय, कोणती प्रोग्रामिंग लँग्वेज घेऊ?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमा झालाय, सी आणि थोडं पायथन येतं, चुलत्यांच्या दूध संकलन केंद्रासाठी सॉफ्टवेअर करायचंय, आणि मित्रांपैकी एक जण इलेक्ट्रॉन (वेबपेजच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्रॅम करायचं साधन) म्हणतो, दुसरा जावा, तिसरा म्हणतो डेस्कटॉपचा जमाना गेला. तर थेट उत्तर आधी देतो: सी शार्प ही मायक्रोसॉफ्टची लँग्वेज घ्या, त्यातलं विनफॉर्म्स (खिडक्या-बटणं बनवायचं साधन), आणि डेटा एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) ठेवा. आता का ते जरा सविस्तर, कारण हेच काम मी आधी पायथनमध्ये करून तोंडावर आपटलोय.

२०२१ ची गोष्ट. गावाकडचंच एक संकलन केंद्र, सकाळ-संध्याकाळ मिळून शंभरेक उत्पादक. मला पायथन चांगलं येत होतं, टीकिंटर हे खिडक्या बनवायचं साधन पायथनसोबत फुकटच येतं, म्हटलं दोन आठवड्यात उडवून टाकू. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास. पायइन्स्टॉलर या साधनाने ईएक्सई, म्हणजे डबल क्लिकवर चालणारी फाइल, केली, पेन ड्राइव्हवर घेतली, संध्याकाळच्या संकलनाआधी तासभर पोचलो. तिथला कॉम्प्युटर म्हणजे विंडोज ७, दोन जीबी रॅम, वर टॉवेल टाकून झाकलेला. डबल क्लिक केलं तर 'एपीआय-एमएस-विन-कोर-पाथ' असल्या लांबलचक नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतीची फाइल) सापडत नाही म्हणून एरर. बाहेर कॅन घेऊन लोक लाइनीत उभे आणि मी मोबाइलवर एरर सर्च करतोय. नंतर कळलं की पायथन ३.९ पासून पुढचं विंडोज ७ वर चालतच नाही, ३.८ हे शेवटचं. म्हणजे चूक पायथनची नव्हती, मी मशीन न बघता लँग्वेज ठरवली होती.

३.८ वर परत बांधलं, त्यातही घरच्या ६४ बिटच्या लॅपटॉपवर बांधलेली ईएक्सई तिथल्या ३२ बिटच्या विंडोजवर चालेना, मग ३२ बिटचं पायथन वेगळं टाकून परत बांधणं आलं. ते झालं तर तिसऱ्या दिवशी फोन, "दादा, तुमचं ते चिन्हच गायब झालंय." अँटीव्हायरसने फाइल उचलून नेली होती. हे पायइन्स्टॉलरच्या एका फाइलवाल्या ईएक्सईबरोबर बऱ्याचदा होतं, कारण ती चालू होताना स्वतःच्या पोटातलं सगळं टेम्प फोल्डरमध्ये उलगडते आणि मग तिथून चालते, आणि व्हायरसही हाच उद्योग करतात. अँटीव्हायरसला आपण दोघं सारखेच दिसतो. एक फाइल न करता फोल्डरवाली केली की त्रास कमी होतो, पण जात नाही. कोड सायनिंग सर्टिफिकेट (प्रोग्रॅम कोणी बनवला याची डिजिटल सही) घेतलं तर बरंच सुटतं, पण त्याचे दरवर्षीचे पैसे एका केंद्राच्या कामातून कुठून काढणार.

आता सी शार्पचं बघा. त्याचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ हे २०१९ ला आलं, ते विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ वरही बसतं, आणि विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या व्हर्जनमध्ये आणि ११ मध्ये आधीपासूनच असतं. म्हणजे ते मशीनवर असलं की तुमची ईएक्सई एक-दोन एमबीची, कॉपी केली की चालू, ३२ बिट असो की ६४. नवीन डॉटनेट ८ वगैरे जास्त चांगलं आहे यात वाद नाही, पण ते विंडोज १० च्या खाली चालत नाही आणि रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारा भाग) सोबत बांधलं की फाइल शंभर एमबीच्या पुढे जाते. केंद्रावर नवीन मशीन असेल तर खुशाल नवीन घ्या, कोड जवळपास तोच राहतो.

पण माझ्या मते खरी परीक्षा मशीनची पण नाही, काट्याची आहे. इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅट मशीन, दोन्ही सिरियल पोर्टने जोडतात. जुन्या कॉम्प्युटरला मागे नऊ पिनांचा पोर्ट असतो, नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर लागतो, आणि तो कन्व्हर्टर कोणी झाडताना काढून दुसऱ्या खाचेत घातला की कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि वजन यायचं बंद. म्हणून पोर्टचा नंबर कोडमध्ये ठोकून ठेवू नका, सेटिंगमध्ये द्या. काटा सारखा आकडे ओकत असतो, आणि ते पूर्ण ओळीत येतीलच असं नाही, समजा १२.४५० आहे तर आधी "१२." येईल आणि मग "४५०". मी सुरुवातीला जे आलं ते सरळ टेक्स्टबॉक्समध्ये टाकत होतो, एका बाईंच्या बारा लिटरच्या कॅनला साडेचारशे लिटर लागले. त्या म्हणाल्या राहू दे तसंच. तर आलेलं सगळं साठवत जायचं, ओळ संपल्याची खूण आली की मगच वाचायचं, आणि लागोपाठ तीन-चार वाचनं सारखी आली तरच वजन स्थिर झालं असं धरायचं.

सी शार्पमध्ये सिरियलपोर्ट नावाचा क्लास तयारच असतो. एकच खड्डा सांगून ठेवतो, तुम्ही त्यात पडणारच आहात: डेटा आला की जो इव्हेंट येतो तो वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामावर) येतो, तिथून थेट टेक्स्टबॉक्सला हात लावला की प्रोग्रॅम बोंबलतो. इन्व्होक करून, म्हणजे ते काम स्क्रीनच्या थ्रेडकडे सोपवून, लिहायचं. पायथनमध्ये पायसिरियल आहे, तेही चांगलं आहे, काट्यासाठी पायथन वाईट असं माझं म्हणणं नाही.

मग स्क्रीन. कोड नंबर टाकला, एंटर, वजन आलं, एंटर, फॅट, एंटर, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), एंटर, पावती. एका उत्पादकामागे दहा-पंधरा सेकंद मिळतात, बसणाऱ्या माणसाचे हात ओले, माऊसला कोण हात लावतंय. त्यामुळे सगळं कीबोर्डवर चाललं पाहिजे, आणि एंटर दाबलं की पुढच्या बॉक्समध्ये गेलं पाहिजे, हे विनफॉर्म्समध्ये चार ओळींचं काम आहे. दरपत्रक म्हणजे एका बाजूला फॅट, एका बाजूला एसएनएफ असं मोठं कोष्टक, गाईचं ३.५ आणि ८.५ हा पाया धरून वरखाली होणारं, ते डेटाग्रिडव्ह्यूमध्ये एक्सेलसारखं दिसतं, चुलते स्वतः बदलू शकतील. दिसायला विनफॉर्म्स जुनाट आहे, २००२ पासून तसंच आहे म्हणा ना, पण केंद्रावर कोणी बटणाचे कोपरे गोल आहेत का ते बघत नाही. डिझायनरमध्ये बटण ओढून टाकायचं, डबल क्लिक करायचं, कोड लिहायचा. सी शार्प आणणारा अँडर्स हायल्सबर्ग हा आधी टर्बो पास्कल आणि डेल्फी या जुन्या प्रोग्रामिंगच्या हत्यारांवाला माणूस, आणि डेल्फी वापरलेल्याला विनफॉर्म्स बघून घरी आल्यासारखं वाटतं. तुम्हाला सी येतं म्हणजे कंस आणि सेमिकोलन ओळखीचेच आहेत, पॉइंटरचा ताप नाही, महिन्याभरात हात बसेल. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी एडिशन एकट्या माणसाला फुकट आहे.

मराठीचं वेगळं सांगतो कारण याबद्दल कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नसतं. छोट्या थर्मल प्रिंटरला सरळ टेक्स्ट पाठवलं की इंग्रजी छापतो, मराठी पाठवली की प्रश्नचिन्हं, कारण बहुतेकांच्या आत देवनागरी फॉन्टच नसतो. मग पावतीचं चित्र करून पाठवायचं, ५८ एमएमच्या कागदाला रुंदी ३८४ ठिपके. मी पायथनमधल्या पिलो लायब्ररीने चित्र काढलं आणि पहिलीच पावती निघाली 'विठ्ठल' नावाची, त्यातली पहिली वेलांटी 'व'च्या आधी यायच्या ऐवजी 'व'च्या नंतर, जोडाक्षर फुटून दोन 'ठ' वेगळे आणि मध्ये पाय मोडलेला. आजोबांनी पावती लांब धरून वाचली आणि विचारलं हे कोणाचं नाव? तर देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने दिसत नाहीत, ती जुळवायला शेपिंग लागतं, आणि पिलोला त्यासाठीची वेगळी लायब्ररी सापडली नाही तर ती मुकाट्याने चुकीचं छापते. सी शार्पमध्ये प्रिंटडॉक्युमेंट हा छपाईचा क्लास वापरला की ते काम विंडोज स्वतः करतं, प्रिंटरचा ड्रायव्हर चित्र करून पाठवतो, तुम्हाला काही कळायची पण गरज नाही. सी शार्पकडे मी वळलो त्याचं निम्मं कारण हे आजोबा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रॉन वाईट नाही, व्हीएस कोड हा कोड एडिटर त्यातच केलाय, पण प्रत्येक अ‍ॅपसोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो, दोन जीबीच्या मशीनवर तो आधी स्वतः बसतो आणि मग जागा उरली तर तुमचा प्रोग्रॅम. शिवाय व्हर्जन २३ पासून विंडोज ७ आणि ८ बंद. टाउरी हे तसंच दुसरं साधन हलकं आहे कारण ते सिस्टीममधलाच वेबव्ह्यू (वेबपेज दाखवणारा भाग) वापरतं, पण त्याला रस्ट ही लँग्वेज लागते, आणि पहिल्याच प्रोजेक्टला रस्ट म्हणजे पोहायला शिकायला पुरात उडी. जावाचं स्विंग हे खिडक्यांचं साधन अजून चालतं, मलाही कॉलेजात शिकवलेलं, पण आज नवीन माणसाला मी ते सुचवणार नाही, त्यानंतरचं जावाएफएक्स तर जेडीके (जावाचा मूळ संच) ११ पासून वेगळंच काढलंय. लिनक्स आणि मॅकवर पण चालवायचं असेल आणि सी प्लस प्लसची तयारी असेल तर क्यूटी या खिडक्यांच्या साधनाला तोड नाही, व्हीएलसी त्यातच आहे. पायथनच हवं असेल तर टीकिंटर सोडा आणि क्यूटीचं पायसाइड घ्या, पायक्यूटी नको, कारण पायक्यूटी जीपीएलखाली येतं, म्हणजे कोड बंद ठेवून विकायचं तर पैसे भरून लायसन घ्यावं लागतं, पायसाइड एलजीपीएलखाली आहे, तिथे ही अडचण नाही. आणि लॅझरस म्हणून फ्री पास्कलचं एक फुकट हत्यार आहे, जुन्या मशीनवर इतकं हलकं चालतं की बस, फक्त अडलात तर विचारायला माणूस सापडणार नाही.

'डेस्कटॉप गेला' म्हणणाऱ्या मित्राला सांगा, व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चं, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट २००८ लाच संपवला, आणि तरी त्यात लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालतात. केंद्रावर आत्ता काही जुनं सॉफ्टवेअर असेल तर ते त्यातलंच निघण्याची बरीच शक्यता आहे. नेट गेलं म्हणून संध्याकाळचं दूध थांबवता येत नाही, म्हणून तिथे वेब अ‍ॅप नको.

त्या जुन्या सॉफ्टवेअरमधून उत्पादकांची नावं काढायला जाल तेव्हा एक मजा दिसेल. व्हीबी ६ च्या साध्या कंट्रोल्सना युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षर-पद्धत) कळत नव्हतं, म्हणून लोक इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणारे कृतिदेव वगैरे फॉन्ट वापरून काम भागवायचे, त्यामुळे डेटाबेसमध्ये 'राजाराम' शोधलंत तर सापडणारच नाही, तिथे इंग्रजी अक्षरांत 'जे के टी के जे के ई' असं बसलेलं असेल. याचं युनिकोड करायला मात्र पायथनच काढा, पन्नास-साठ ओळींत होतं, एकदाच चालवायचंय, तिथे त्याच्यासारखं दुसरं नाही. तुमचं थोडं पायथन इथे कामाला येईल.

पैशाचं राहिलं. फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका, कुठल्याच लँग्वेजमध्ये. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथे ०.३०००००००००००००००४ येते, आणि दहा दिवसांच्या पगारात वीस वेळा असं झालं, त्यातून उचल आणि पशुखाद्याची कपात झाली, की कुठे ना कुठे एक पैसा इकडेतिकडे होतो आणि लोक वहीत लिहून ठेवतात हो, हिशोब घेऊनच येतात. सी शार्पमध्ये डेसिमल टाइप आहे तो वापरा, पण एसक्यूलाइटमध्ये डेसिमल नाही, म्हणून तिथे रुपये न ठेवता पैसे ठेवा, पूर्णांकात. १२.४ लिटर गुणिले ३५.७० म्हणजे ४४२.६८, साठवायचं ४४२६८. एसक्यूलाइटच का, तर लाईट जाते. प्रत्येक पावती एका ट्रान्झॅक्शनमध्ये टाकली की मध्येच लाईट गेली तरी ती एक तर पूर्ण लिहिलेली असते नाहीतर अजिबात नसते, अर्धवट नाही. आणि अख्खा डेटा एकाच फाइलमध्ये, प्रोग्रॅम बंद करून ती पेन ड्राइव्हवर कॉपी केली की बॅकअप झाला, हे चुलत्यांना पण शिकवता येतं.

कोड लिहायला बसण्याआधी एकदा केंद्रावर जाऊन या. विंडोज कोणतं, ३२ बिट का ६४, काट्यामागच्या स्टिकरवर बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, लिहिलाय का (२४०० किंवा ९६०० असेल बहुतेक), प्रिंटर ५८ चा की ८० चा. काट्याच्या आणि फॅट मशीनच्या मागच्या बाजूचे फोटो इथे कमेंटमध्ये टाका, कुठली वायर घ्यायची ते बघून सांगतो.